भिंत कायले ढकलंल?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला अप्लाइड मेकॅनिक्स नावाचा विषय असतो. भिंतीला टेकवलेली शिडी घसरते कधी आणि राहते कधी, पुलाचं वजन खांबांवर कसं वाटलं जातं, उतारावरचा ठोकळा कशाने थांबून राहतो, असल्या गोष्टींचा हा विषय. गोंदियाजवळच्या एका खाजगी कॉलेजात मी नोकरीतली बहुतेक वर्षं तो शिकवला. विद्यार्थी त्याला घाबरतात, पालकांना त्याचं नाव धड घेता येत नाही, आणि पहिल्या वर्षाचे सर्वांत जास्त नापास त्याच्यातच होतात. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, इतकी वर्षं एकच विषय शिकवून कंटाळा नाही आला? आला होता. तो कसा गेला, ते सांगते.

आमचं कॉलेज शहराबाहेर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध आहे. वर्गात शहरातली मुलं असत, ती आपसात हिंदी बोलत. आमगाव-गोरेगावकडची असत, ती घरी पोवारी बोलत. देवरी, सालेकसा, अर्जुनीकडची वसतिगृहात राहत आणि वर्गात शक्यतो काहीच बोलत नसत. या सगळ्यांना एकत्र बसवून आम्ही इंग्रजीतून शिकवायचं. प्रत्यक्षात फळ्यावर इंग्रजी आणि तोंडात हिंदी-मराठीची भेळ, असं चालायचं.

शिकवण्याची आमची पद्धत सगळ्यांसारखीच होती. शिक्षकाने फळ्यावर गणित सोडवायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. विद्यापीठाच्या पेपरात दोन प्रश्नांतला एक सोडवायची सोय असते, म्हणून मुलं अवघड भाग सरळ सोडून देतात. त्याला ‘ऑप्शनला टाकणं’ म्हणतात. उरलेल्या भागातली मागच्या पेपरांची गणितं घोकायची, की पास होण्यापुरतं जमतं. माझ्या वर्गाचे निकाल बरे लागत. अक्षर चांगलं असल्यामुळे माझ्या नोट्सच्या झेरॉक्स दुसऱ्या कॉलेजांतही फिरत. तक्रार करावी असं काही नव्हतं.

एका वर्षी चाचणीत मी एक लहानसा बदल केला. या विषयाचा पाया म्हणजे एक चित्र असतं. शिडीचं गणित असेल तर आजूबाजूचं सगळं पुसून टाकायचं, एकटी शिडी काढायची आणि तिला कोण कुठून ढकलतं, कोण ओढतं, ते बाणांनी दाखवायचं. जमीन वर ढकलते, वजन खाली ओढतं, भिंत आडवी ढकलते. हे चित्र बरोबर आलं की पुढचं निव्वळ गणित. मी वर्गात नेहमी शिडी डाव्या हाताच्या भिंतीला टेकवून शिकवत असे. त्या चाचणीत ती उजवीकडच्या भिंतीला टेकवली. बाकी सगळं तेच.

पेपर तपासायला घेतले आणि पहिले काही पेपर झाल्यावर मी थांबले. शिडी उजवीकडे होती आणि भिंतीचा बाण मात्र जुन्या चित्रातलाच होता. म्हणजे भिंत शिडीला ढकलण्याऐवजी स्वतःत ओढून घेत होती. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी हे केलं होतं, आणि पुढची आकडेमोड अगदी शिस्तीत, माझ्याच नोट्ससारखी नीटनेटकी केली होती. त्यांनी बाण पाठ केले होते.

एकाच पेपरात वेगळं काही होतं. त्या मुलीने भिंतीचा बाण काढलाच नव्हता. बाकीचे सगळे बाण बरोबर होते, भिंतीजवळची जागा कोरी होती. नाव मनीषा शहारे. देवरीच्या पलीकडच्या एका गावची, मागच्या बाकावर बसणारी मुलगी. तिचा आवाज मी तोवर फक्त हजेरीच्या वेळी ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी पेपर परत देताना मी तिला विचारलं, “भिंतीचा बाण कुठे गेला?”

“नाही काढलो,” ती म्हणाली. आमच्या झाडीपट्टीत बायाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. वर्गातली शहरातली मुलं हसली.

“का नाही काढला?”

तिने पेपरातल्या कोऱ्या जागेकडे बघितलं. मग म्हणाली, “भिंत कायले ढकलंल, मॅडम? तिले का जीव आहे?”

वर्ग आता मोठ्याने हसला. पुढच्या बाकावर हर्षल बिसेन होता. शहरातल्या राइस मिलवाल्यांचा मुलगा, बारावीला चांगले मार्क असलेला, आणि विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत नाव यावं एवढा एकच विचार घेऊन कॉलेजात आलेला. तो मागे न वळताच म्हणाला, “न्यूटन का थर्ड लॉ है. शिडी भिंतीला ढकलते, म्हणून भिंत शिडीला तेवढंच ढकलते.”

“हे मलेही मालूम आहे,” मनीषा म्हणाली. “पाठ आहे. पर भिंतीले कसा मालूम होते, किती ढकलाचा ते? शिडीवर एक माणूस चढला तं तेवढा, दोन चढले तं त्याच्याहून जास्त. हे तिले कोण सांगते?”

हसणं थांबलं. हर्षलही वळून बघायला लागला. मी इतकी वर्षं हा विषय शिकवत होते, आणि इतका नेमका प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ज्यांना उत्तर माहीत आहे त्यांनी हात वर करा. एकही हात वर झाला नाही. मग विचारलं, भिंत खरोखर ढकलते असं मनापासून वाटतं किती जणांना? मार्कांचं सोडा. थोडे हात वर आले, ते इकडे तिकडे बघत. म्हणजे मनीषासारखंच सगळ्यांना वाटत होतं. बाकीच्यांनी बाण काढून ते झाकलं होतं आणि हिने जागा कोरी ठेवली होती.

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. पुढच्या तासाला येताना फोमच्या गादीचा तुकडा, एक प्लॅस्टिकची पट्टी, लहान आरसा आणि बाजारात मुलं खेळतात तो लाल उजेडाचा लेझर घेऊन आले. फोमवर वीट ठेवली, फोम दबला. वीट वर कोण उचलून धरतंय? फोम. हे सगळ्यांना पटलं. दोन बाकांच्या मधे पट्टी आडवी टाकली, तिच्यावर डस्टर ठेवलं, पट्टी वाकली. वजन वाढवलं, आणखी वाकली. हेही पटलं. मग टेबल. “टेबल तं नाही दबून राहिला,” मनीषा म्हणाली.

टेबलावर आरसा ठेवला, लेझरचा उजेड त्याच्यावरून समोरच्या भिंतीवर पाडला आणि दोन मुलांना टेबलावर भार देऊन उभं राहायला सांगितलं. भिंतीवरचा लाल ठिपका सरकला. अगदी थोडा, पण सगळ्यांना दिसेल इतका. मुलं उठून जवळ आली.

आमच्या वर्गाच्या एका बाजूला प्लायवूडची आडभिंत होती आणि तिच्यामागे आमच्याच विषयाच्या तिवारी सरांची केबिन. मुलांनी आरसा तिच्यावर चिकटवला आणि ढकलायला सुरुवात केली. ठिपका छतापर्यंत गेला. तिवारी सर बाहेर आले.

“मॅडम, दीवार गिराओगे क्या? मेरी चाय का कप हिल रहा है.”

“सर, तेच बघतोय,” मी म्हटलं. ते मान हलवून आत गेले.

मग विटांची भिंत. पाच-सहा जणांनी खांदे लावून ढकललं. ठिपका जागचा हलला नाही. मुलांची तोंडं उतरली. प्रयोगात दिसलं नाही ते दिसलं असं सांगण्यात अर्थ नव्हता. मनीषा मात्र आता बाकावरून उठून पुढे आली होती. तिने फोम, पट्टी, टेबल, प्लायवूड असं एकेकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “हे जास्त दबते. हे कमी. हे त्याच्याहून कमी. मंग भिंतही दबतच असंल. आपल्याले दिसत नाही एवढाच. जितका दाबला तितकी ते वापस ढकलते. असा म्हणाचा का?”

“असंच म्हणायचं.”

“मंग तिले कोणी सांगाले नाही लागत,” ती म्हणाली. “मंग ठीक आहे.” आणि जागेवर जाऊन तिने चाचणीच्या पेपरावर भिंतीचा बाण काढला. बरोबर दिशेने.

त्या तासानंतर मी पद्धत बदलली. मनात मोठा काही संकल्प वगैरे नव्हता. मुलांच्या डोक्यात काय आहे याची मला उत्सुकता लागली होती, आणि ते कळायचं तर मी कमी बोलायला हवं होतं. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एक प्रश्न आणि तीन उत्तरं लिहायची. प्रत्येकाने गुपचूप एक निवडायचं आणि हात वर करून दाखवायचं. मग ज्याचं उत्तर आपल्याहून वेगळं आहे, त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि त्याला पटवायचं. बोली कुठलीही चालेल, हिंदी, पोवारी, झाडी. अट एकच, ‘पुस्तकात आहे’ हे कारण चालणार नाही. शेवटी पुन्हा हात, आणि मग मी बोलायचं.

पूर्वी एकदा नागपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आठवडाभर गेले होते. व्याख्यान देणं ही शिकवण्याची जुनी पद्धत झाली, यावर तिथे दिवसभर व्याख्यानं झाली होती. त्यातलं मला एकही वाक्य आठवत नव्हतं. मी जे करत होते ते मुलांच्या पेपरांनी सुचवलं होतं.

वर्गात गलका होऊ लागला. देवरीकडची मुलं आधी तोंडातल्या तोंडात, मग उघड बोलायला लागली. चुकीची उत्तरं इतकी बाहेर आली की मी थक्क झाले. पण अभ्यासक्रम मागे पडला. माझी तुकडी ‘बी’, शेजारच्या ‘ए’ तुकडीला तिवारी सर शिकवत. त्यांचा चौथा भाग सुरू झाला तेव्हा माझा दुसराही संपला नव्हता. हर्षल अस्वस्थ होता. एकदा तास संपल्यावर त्याने मला स्पष्टच सांगितलं, “मॅडम, मला हे समजलेलं असतं. दुसऱ्यांना समजावण्यात माझा टाइम जातो. मी तुमच्याकडून शिकायला येतो, त्यांच्याकडून नाही.”

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी म्हटलं, समजावताना आपलंही पक्कं होतं. तो म्हणाला, “पक्कंच आहे.”

दिवाळीच्या सुटीनंतर प्राचार्यांनी बोलावलं. केबिनमध्ये हर्षलचे वडील बसले होते. पांढरा सदरा, समोर मोबाइल, आवाज शांत. गोंदियात ऑफिसच्या खुर्चीवर बसलं की माणूस आपोआप हिंदीत शिरतो.

“मॅडम, बुरा मत मानिए,” ते म्हणाले. “बेटा बोलता है, मॅडम पढाती नहीं, बच्चे ही एक-दूसरे को पढाते हैं. एक दिन तो पूरा पीरियड दीवार को धक्का मारने में गया. ऐसा क्या?”

“हो, गेला,” मी म्हटलं.

“तो फिर टीचर किसलिए है?”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. शिडी उलटी केल्यावर काय झालं, तेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपकी बात गलत नहीं होगी. लेकिन पेपर तो युनिव्हर्सिटी निकालती है ना. उसमें सीढी उलटी नहीं आयेगी.”

ते गेल्यावर प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुम्ही सीनियर आहात, तुम्हाला काय सांगायचं? बिसेन साहेब संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचे आहेत म्हणा ना. अभ्यासक्रम पूर्ण करा. आणि निकाल ‘ए’ तुकडीपेक्षा खाली आला, तर पुढच्या वर्षी पहिलं वर्ष तुमच्याकडे ठेवता येणार नाही.”

मला वर्ग जाण्याची भीती फार नव्हती. पण मनीषाची होती. ती गणितात आणि केमिस्ट्रीत आधीच मागे होती. मेकॅनिक्सही राहिलं असतं तर तिला दुसऱ्या वर्षाला बसू दिलं नसतं, आणि वर्ष गेलं की सरकारी वसतिगृहातली जागा जाते. जागा गेली की देवरीच्या पलीकडून रोज येणं शक्य नव्हतं. माझ्या प्रयोगात तिचं वर्ष गेलं, तर तो प्रयोग कुणाच्या कामाचा?

म्हणून मी तडजोड केली. आठवड्याचे तास पूर्वीसारखे, फळा आणि खडू. रविवारी जास्तीचा वर्ग, तिथे प्रश्न आणि गलका. रविवारी कोण येणार, असं वाटलं होतं. वसतिगृहातली जवळपास सगळी मुलं आली. शहरातली थोडी आली. हर्षल आला नाही.

परीक्षेच्या आधी मनीषा स्टाफरूममध्ये आली होती. म्हणाली, “मॅडम, मले समजते आता. पर पेपरात हात चालून नाही राहिला. एका गणिताले विचार करतो, तं बाकीचे तसेच राहून जाते.”

हेही खरं होतं. विचार करायला वेळ लागतो आणि पेपर पाठांतराच्या वेगाने सोडवायचा असतो. मग आम्ही काही दिवस फक्त वेगाचा सराव केला. जुने पेपर, समोर घड्याळ. म्हणजे ज्या गोष्टीविरुद्ध मी उभी राहिले होते, तीच मी तिला स्वतः शिकवली. त्यात मला काही विसंगत वाटलं नाही. मुलीला आधी दुसऱ्या वर्षात पोचवायचं होतं.

निकाल लागला. दोन्ही तुकड्या जवळपास सारख्याच राहिल्या, ‘ए’ थोडी वर. मनीषा मेकॅनिक्समध्ये काठावर पास झाली, गणित राहिलं, पण दुसऱ्या वर्षात गेली. हर्षलचं नाव गुणवत्ता यादीत आलं नाही. माझ्याच विषयात, शेवटच्या भागावरचा प्रश्न त्याला जमला नव्हता. तो भाग मी अखेरीस घाईघाईत उरकला होता. तो भेटायला आला. चिडला नव्हता.

“मॅडम, तुमच्या विषयात गेले मार्क,” म्हणाला.

“हो,” मी म्हटलं.  ते मला अजून लागतं.

तिवारी सर सरळ माणूस. चहा पिताना म्हणाले, “मॅडम, रिजल्ट तो बराबर है. फिर इतनी मेहनत काहे की?”  पहिलं वर्ष माझ्याकडून गेलं आणि कंत्राटावर आलेल्या एका नव्या शिक्षकाला मिळालं. मला तिसऱ्या वर्षाचा स्ट्रक्चर्स हा विषय दिला. इमारतीच्या तुळया, खांब, त्यांच्यावरचे भार.

पुढे तीच मुलं दोन्ही तुकड्यांतून तिसऱ्या वर्षाला माझ्यासमोर आली. तेव्हा मला फरक दिसला. ‘ए’ तुकडीतली मुलं गणित दिलं की पानं उलटून सूत्र शोधत. ‘बी’मधली बरीचशी आधी चित्र काढत आणि शेजाऱ्याशी वाद घालत. सगळी नाही. पण कोण कुठल्या तुकडीतलं, हे मला हजेरीपट न बघता ओळखू येऊ लागलं. हर्षल चित्र काढणाऱ्यांत होता. एकदा तो मागच्या बाकावर मनीषाच्या शेजारी जाऊन बसलेला दिसला. तुळईच्या टोकाशी भार कसा उतरतो यावर दोघांचं जुंपलं होतं, त्याचं हिंदी आणि तिची झाडी. मी तिकडे गेले नाही.

त्याच सुमारास दिल्लीहून कॉलेजच्या तपासणीला समिती आली. विद्यार्थ्यांमधली ‘विचार करण्याची क्षमता’ किती टक्क्यांनी वाढली, याचा तक्ता आमच्याकडून भरून घेतला गेला. मी विचारलं, हे मोजलं कसं? प्राचार्य म्हणाले, “मॅडम, आकडा लिहा. रिकामं ठेवू नका.” मी आकडा लिहिला. समितीने तो तक्ता वाखाणला. मागच्या बाकावरचा तो वाद मात्र कुठल्याच रकान्यात बसणारा नव्हता.

माझी निवृत्ती जवळ आली होती. पहिलं वर्ष पुन्हा मिळेल ही आशा मी सोडली होती. अशात एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं आणि केबिनमध्ये पुन्हा बिसेन साहेब बसलेले. मला वाटलं, आता कशाची तक्रार?

“मॅडम, मेरी बेटी खुशी ने इस साल ॲडमिशन लिया है,” ते म्हणाले. “उसको मेकॅनिक्स आप पढाइए. वो दीवारवाला.”

“भिंतीवाला?” मी विचारलं.

“हर्षल घर में सबसे बहस करता है,” ते म्हणाले. “मिल में नयी मशीन बिठायी, तो मिस्त्री से भी बहस की. फाउंडेशन ऐसा क्यों, वैसा क्यों. पहले तो सिर्फ मार्क की बात करता था. गुस्सा आता है, लेकिन अच्छा भी लगता है. बेटी मेरी बिल्कुल चुप है, मॅडम. बारहवीं में फर्स्ट क्लास है, पर घर में भी नहीं बोलती. उसको भी थोडा बहस करना आना चाहिए.”

प्राचार्यांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, “तसंही मी तुम्हाला पहिलं वर्ष द्यायच्या विचारात होतोच.” मी आभार मानले. दोन तुकड्यांचे निकाल, माझं समजावून सांगणं, समितीचा तक्ता, यातल्या कशानेच जे झालं नव्हतं, ते मिलवाल्याच्या हट्टाने झालं. त्याने मागितलं म्हणून वर्ग मिळाला आणि मी तो घेतला.

या वेळी मी एक केलं. शेवटच्या वर्षातल्या काही मुलांना वर्गात येऊन बसायला सांगितलं. उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं, हे त्यांचं काम. मनीषा शेवटच्या वर्षाला होती. राहिलेलं गणित तिने काढलं होतं. ती दर आठवड्याला येऊ लागली.

खुशी बिसेन पहिल्या बाकावर बसे आणि काही बोलत नसे. हात वर करताना बाकीच्यांचे हात बघून मग स्वतःचा करी. मनीषा तिच्याजवळ बसायची. घाई करायची नाही, स्वतः बोलायची नाही. एकदा उतारावरच्या ठोकळ्याचा प्रश्न होता. घर्षण वरच्या दिशेने की खालच्या दिशेने? सगळ्यांचे हात झाले. खुशीने हात वर केलाच नाही.

“तुले का वाटते?” मनीषाने विचारलं.

खुशी गप्प. बाकीचे वाट बघत होते. मी बोलणार होते, पण मनीषाने माझ्याकडे असं बघितलं की मी थांबले. वर्गातली शांतता लांबत गेली आणि तिने ती लांबू दिली.

“नीचे,” खुशी शेवटी म्हणाली.

“काऊन?”

“क्योंकि… जो भी है, सब नीचे ही खींच रहा है ना. तो घर्षण भी.”

उत्तर चूक होतं. कुणी हसलं नाही. मनीषा मला म्हणाली, “मॅडम, हे फळ्यावर लिहा ना. यावर बोलाचा आहे.” मी लिहिलं. पुढचा सगळा तास त्या एका वाक्यावर गेला. शेवटी खुशीने स्वतःच ते खोडलं, आणि का खोडलं हे सगळ्यांना सांगितलं. हळू आवाजात, पण सांगितलं.

असं शिकवणं फार थोड्यांना जमतं. मला स्वतःला ते जमायला जवळजवळ सगळी नोकरी जावी लागली आणि ही मुलगी बाविशीच्या आतच करत होती. म्हणून तिची शेवटची परीक्षा झाल्यावर, पहिल्या वर्षाचे तास अजून चालू असतानाच, मी तिला बोलावून घेतलं. एम.टेक. कर म्हटलं, माझ्या ओळखीने नागपूरला प्रवेशाची व्यवस्था होईल, आणि परत येऊन इथेच शिकव. माझी जागा रिकामी होणार होतीच. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं मी.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, रायपूरच्या रस्त्यावर नवा पूल बनून राहिला ना, मी तिथं साइटवर जाऊन राहिलो. कंपनीवाल्यानं बोलावला आहे. सोमवारपासून.”

“साइटवर? अगं, तिथे दिवसभर उन्हात उभं राहावं लागेल. आणि तुझ्यासारखं शिकवणारं…” मला वाईट वाटलं होतं आणि ते मी लपवलं नाही. “का पण?”



“तुमच्या वर्गात चुकला तं चालते, मॅडम. त्याच्यानंच मी शिकलो. पर आता मले तिथं जाचा आहे, जिथं चुकला तं चालत नाही. मले पाहाचा आहे, जमते का नाही ते.”

  तिला सोमवारी लवकर निघायचं होतं, सामान बांधायचं होतं. मी तिला दारापर्यंत सोडलं आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले.